गाव तेच, राज्ये सात

पोलीस भरती असो, तलाठी भरती असो की राज्यसेवा, महाराष्ट्राच्या भूगोलावरचा एक प्रश्न वऱ्हाडातल्या मुलांना हमखास चकवतो. मध्यप्रदेशाला लागून असलेले महाराष्ट्राचे जिल्हे कोणते? उत्तरात आठ नावे येतात : नंदुरबार, धुळे, जळगाव, बुलढाणा, अमरावती, नागपूर, भंडारा आणि गोंदिया. अकोल्याचे नाव त्यात नाही. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या मुलाला हे पहिल्यांदा पटतच नाही. त्याच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि डोंगर ओलांडला की खंडवा-बऱ्हाणपूरचा मुलूख लागतो, हे तो घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलेला असतो. एकेकाळी हिवरखेड स्टेशनावरून मीटरगेजची गाडी धूळघाटाचा वेढा चढून खंडव्याला जात असे. मग सीमा नाही म्हणजे काय?

सीमा आहे, पण ती अकोल्याची नाही. अकोला जिल्हा आणि मध्यप्रदेश यांच्यामध्ये मेळघाटाचा पट्टा येतो आणि तो अमरावती जिल्ह्यात मोडतो. दुसरे एक हिवरखेड त्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. नाव एकच असले तरी तिथल्या मुलाचा जिल्हा यादीत बसतो, तेल्हाऱ्याकडच्या मुलाचा बसत नाही.

अशी उत्तरे पाठ करावीच लागतात. महाराष्ट्राला लागून राज्ये सहा : गुजरात, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा. केंद्रशासित प्रदेश एक, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. तोही २६ जानेवारी २०२० पर्यंत दोन वेगळे प्रदेश होता. जिल्हे ३६, त्यातला पालघर १ ऑगस्ट २०१४ चा. किनारा जुन्या मोजणीनुसार ७२० किलोमीटर. सन २००० पूर्वी शिकलेल्या माणसाच्या यादीत छत्तीसगड नव्हते आणि २ जून २०१४ पूर्वी शिकलेल्याच्या यादीत तेलंगणाच्या जागी आंध्रप्रदेश होता. पाठ केलेले उत्तर एका पिढीतच जुने होते, हे अभ्यासिकेतल्या मुलांना ठाऊक असते. आपल्या गावापुरते हे किती वेळा घडले, ते मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही.

हिवरखेडमधले एखादे जुने घर धरू. १८५० साली त्या घरातल्या माणसाला "मुलूख कोणाचा?" असे विचारले असते तर उत्तर आले असते, हैदराबादच्या निजामाचा. १८५३ नंतर त्याच मुलखाला कागदोपत्री 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे निजामाने सोपवून दिलेले जिल्हे, म्हणू लागले. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या कारभाराखाली गेला. १९३६ मध्ये 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या नावाने नवी मांडणी झाली. १९५० मध्ये मध्यप्रदेश आले, राजधानी नागपूर. १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. एकशे दहा वर्षांत सात उत्तरे, आणि घर जागचे हलले नाही.

अडगावचे मैदान

या सात उत्तरांची सुरुवात हिवरखेडच्या शेजारीच झाली. अकोटकडे जाताना वाटेत अडगाव लागते. इंग्रजी इतिहासात ज्याला 'अरगाव' म्हणतात, ते हेच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या मैदानावर आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याला भिडली. असईची लढाई होऊन दोन महिने झाले होते. भोसल्यांच्या बाजूने रघूजी राजांचे भाऊ उभे होते आणि शिंद्यांचे घोडदळ सोबतीला होते. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या काही देशी पलटणी मागे फिरल्या. वेलस्लीने स्वतः त्यांना सावरून पुन्हा रांगेत उभे केले. संध्याकाळपर्यंत मैदान मराठ्यांच्या हातून गेले. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव इथे भोसल्यांनी तह केला. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला झाला.

नकाशा समोर ठेवला तर अडगाव, गाविलगड, देवगाव, अंजनगाव ही सगळी ठिकाणे सातपुड्याच्या पायथ्याच्या एकाच पट्ट्यात येतात. महिनाभरात इथे जे ठरले त्याने ओरिसातला कटक कंपनीकडे गेला, गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो कंपनीचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. नरनाळा आणि गाविलगड, व त्यांच्या भोवतीचा काही भाग, तेवढा भोसल्यांकडे राहिला. तोही १८२२ च्या तहाने निजामाकडे गेला. वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्वेची सीमा म्हणून पक्की झाली ती अशी. आजही नदीच्या अलीकडे अमरावती विभाग आणि पलीकडे नागपूर विभाग आहे.

सत्तांतर या मुलखाला नवे नव्हते. १४९० पासून एलिचपूरची इमादशाही, १५७४ पासून अहमदनगरची निजामशाही, १५९६ पासून मोगल असा क्रम इथे होऊन गेला होता. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड हा स्वतंत्र सुभा आहे आणि नरनाळा हे त्यातले एक सरकार. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्काने मुबारिजखानाला मारले, तेव्हापासून हैदराबादची सत्ता धरली जाते. पण त्याच काळात मराठ्यांची चौथाई आणि सरदेशमुखीही चालू होती. गावाचा एकच माल, वसूल करणारे दोघे. या दोअमलीत रयतेला सीमा कळत असे ती वसुलीच्या तगाद्यावरून. नकाशा तिने पाहिलेला नव्हता. यंदा कोणाचा माणूस आधी दारात येतो, यावर 'राज्य कोणाचे' हे ठरे.

भाड्याचा मुलूख

१८०३ नंतर निजामाच्या पदरी इंग्रजी अंमलदारांची एक फौज उभी राहिली, 'हैदराबाद कंटिंजंट'. खर्च निजामाचा, हुकूम कंपनीचा. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि वऱ्हाडचा महसूल इजारदारांकडे, सावकारी पेढ्यांकडे गहाण पडत गेला. अखेर लॉर्ड डलहौसीच्या काळात, २१ मे १८५३ च्या तहाने, वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे सोपवण्यात आले. या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा आणि उरलेला हिशेब निजामाला द्यायचा, अशी बोली होती. मालकी निजामाचीच राहिली. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूला राहिल्यामुळे १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. इथे कापूस पिकत होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत जगाला कळली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे त्याच दशकात वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली. पुढे खामगावला आणि अमरावतीला खास फाटे काढण्यात आले. जमिनीची मोजणी आणि बंदोबस्त मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने झाला, म्हणजे प्रत्येक खातेदाराच्या नावाने सर्व्हे नंबर पडला. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल याने वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले. त्याचे नावच 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्सचे, म्हणजे सामान्यतः ज्याला बेरार म्हणतात त्याचे गॅझेटियर' अशा अर्थाचे आहे. मुलूख कोणाचा, याचे उत्तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही एका शब्दात देता येत नव्हते.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला. निजाम महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आले. भाडे वर्षाला २५ लाख रुपये. तोवर वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली चालत होता. १ ऑक्टोबर १९०३ पासून तो नागपूरच्या चीफ कमिशनरकडे गेला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर आणि वाशीम हे जिल्हे मोडले, आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ उरले. वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले.

नागपूरशी जोडले तरी वऱ्हाड मध्यप्रांतात मिसळून गेले नाही. तिकडे मालगुजारी, इकडे रयतवारी. कायद्याच्या नजरेत तर वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. इंग्रजांच्या लेखी तो परक्या राजाचा मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. परराज्यातल्या अधिकारक्षेत्राबद्दल १९०२ मध्ये जो राजाज्ञेचा हुकूम निघाला, त्याच्या आधाराने तो लागू करून घ्यावा लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेकौन्सिलसाठी निवडणुका झाल्या, तेव्हा हा तिढा मतपेटीपर्यंत पोचला. वऱ्हाडातल्या मतदारांनी मते दिली, उमेदवार निवडून आले, पण कायद्याने ते कौन्सिलवर थेट निवडून जाऊ शकत नव्हते. म्हणून निवडणुकीत जो जिंकेल त्याला गव्हर्नरने 'नियुक्त' करायचे आणि त्या नियुक्त सभासदाला 'निवडून आलेला' मानायचे, अशी तरतूद १९१९ च्या कायद्यातच घालावी लागली होती. अकोल्याच्या मतदाराने दिलेले मत नागपूरला पोचेपर्यंत त्याचे नेमणुकीचे पत्र होत असे.

ग्वामचे उत्तर, वऱ्हाडचा प्रश्न

भारताचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला अभ्यासिकेतल्या मुलांसारखी सीमा आणि बेटे पाठ करावी लागत नाहीत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात अर्जदाराला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, अशी अट आहे. नकाशाची परीक्षा नाही. अमेरिकेत ती अलीकडेपर्यंत होती. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नागरिकत्वाची मुलाखत द्यावी लागते. १ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या शंभर प्रश्नांच्या यादीतून अधिकारी दहापर्यंत प्रश्न तोंडी विचारत आणि सहा बरोबर आले की माणूस पुढे जाई. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी १२८ प्रश्नांची नवी यादी आली. २००८ च्या यादीत कॅनडाला लागून असलेले एक राज्य, मेक्सिकोला लागून असलेले एक राज्य आणि अमेरिकेचा एक 'प्रदेश' सांगा, असे तीन प्रश्न होते. शेवटच्याची उत्तरे सगळी बेटेच : पोर्टो रिको, व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना आणि ग्वाम.

अमरावती-अकोल्याकडून तिकडे गेलेला इंजिनिअर 'ग्वाम' हे उत्तर देऊन सुटत असे. पण त्या एका शब्दामागची गोष्ट त्याच्या पणजोबांना लगेच ओळखू आली असती. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर १८९८ च्या पॅरिस तहाने पोर्टो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे आले. तिथली माणसे आता कोण, असा प्रश्न उभा राहिला. १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पोर्टो रिकोच्या मालावरच्या जकातीचा खटला निकाली काढला. ही बेटे देशाच्या मालकीची आहेत, पण संपूर्ण अर्थाने देशाचा भाग नाहीत, असे त्या निकालात आले. एका न्यायाधीशाने तर ती 'घरच्या अर्थाने परकी' आहेत असे लिहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा भाडेपट्टा झाला आणि परराज्यातल्या अधिकारक्षेत्राचा हुकूम निघाला. दोन साम्राज्ये, दोन महासागर, आणि एकच अडचण : मुलूख हवा, पण तिथल्या माणसांना घरचे म्हणायचे नाही.

पोर्टो रिकोच्या लोकांना नागरिकत्व मिळाले १९१७ मध्ये. ग्वामच्या लोकांना १९५० मध्ये. अमेरिकन सामोआत जन्मलेली व्यक्ती आजही केवळ तेवढ्यावर अमेरिकेची नागरिक होत नाही. व्हर्जिन आयलंड्स तर १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतलेली आहेत. नवा नागरिक हे प्रदेश पाठ करी, तेव्हा त्यांच्यापैकी एका बेटावरच्या माणसाला आजही न मिळालेला हक्क तो स्वतः मिळवत असे.

महाराष्ट्रातली बेटेही अशीच हातोहात गेलेली आहेत. मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात नावे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतात. पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरले, तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदण म्हणून दिली गेली. १६६८ मध्ये चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. तिथल्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. वऱ्हाडच्या शेतकऱ्यालाही १९०२ मध्ये कोणी विचारले नाही.

हिवरखेडहून कच्छपर्यंत

भाडेपट्ट्याने निजामाचे समाधान झाले नाही. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉयला पत्र पाठवून वऱ्हाड परत मागितले. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या उत्तरात ही मागणी फेटाळली आणि इंग्रजी सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, असे बजावले. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र फार गाजले. विषय होता अकोला-अमरावतीचा. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात पुन्हा निजामाची नाममात्र मालकी मान्य झाली. २५ लाखांचे भाडे चालू राहिले, निजामाचा झेंडा वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्यासोबत लावण्याची मुभा मिळाली, आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. ज्या मुलखाचा कारभार त्याच्याकडे नव्हता, त्या मुलखाचे नाव राजपुत्राच्या नावापुढे लागले.

वऱ्हाडच्या लोकांनी मात्र आपले स्थान वेगळ्या मार्गाने ठरवायला घेतले होते. काँग्रेसने १९२० नंतर भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हा वऱ्हाडची समिती स्वतंत्र राहिली. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे पंजाबराव देशमुख या नेत्यांची मते एकमेकांशी नेहमी जुळली नाहीत, पण वऱ्हाडचा प्रश्न वऱ्हाडात बोलला जावा यावर त्यांचा भर होता. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार त्याच धडपडीतला. संयुक्त महाराष्ट्र करायचा, पण त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत ठेवायचे, असा त्याचा गाभा होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घेण्याचे ठरले. आजचे हिवाळी अधिवेशन हे त्याच कराराचे फळ.

फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि हिवरखेडच्या शाळकरी मुलाला सगळाच पाठ नव्याने करावा लागला. आदल्या दिवसापर्यंत तो मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, खंडवा त्याच्याच राज्यात होते. दुसऱ्या दिवशी खंडवा परराज्यात गेले आणि राजधानी समुद्रकाठी सरकली. राज्य पसरले होते कच्छच्या रणापासून चांद्याच्या जंगलापर्यंत, क्षेत्रफळाने तेव्हाचे देशातले सर्वांत मोठे. वायव्येला त्याची सीमा थेट पाकिस्तानला भिडत होती. सौराष्ट्राच्या टोकाला दीवचे बेट होते, पण त्यावर झेंडा पोर्तुगालचा, दमणवरही त्याचाच. हे सगळे 'माझे राज्य' या एका धड्यात बसवायचे होते.

त्याच दिवशी, त्याच राज्य पुनर्रचना कायद्याने, अरबी समुद्रातली लक्कादीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी बेटे मद्रास राज्यातून निघून केंद्रशासित प्रदेश झाली. १९७३ मध्ये त्यांना लक्षद्वीप हे नाव मिळाले. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव आणि समुद्रातले प्रवाळ बेट, दोघांचाही पत्ता एकाच तारखेला बदलला.

हा नवा नकाशा साडेतीन वर्षे टिकला. १ मे १९६० रोजी कच्छ, सौराष्ट्र आणि पाकिस्तानची सीमा गुजरातकडे गेली. ज्याने चौथीत कच्छचे रण शिकले, त्याला आठवीत ते पुसून टाकावे लागले.

धुरा आणि नकाशा

वऱ्हाडात दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून झालेली भांडणे तहसीलात चालतात, मोजणी येते, दगड गाडला जातो, आणि एका हाताच्या रुंदीसाठी दोन भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. ज्याला धुऱ्याची किंमत कळते त्याला सीमेची किंमत शिकवावी लागत नाही. राज्याची सीमा मात्र त्याच्यापुढे नेहमी तयार होऊनच आली. ती ठरवणाऱ्या बैठका हैदराबादला, कलकत्त्याला, लंडनला, दिल्लीला झाल्या. परिणाम उतरला तो सारा, वसुली, कोर्ट आणि शाळा यांवर. १९०३ पूर्वी वऱ्हाडचा मोठा कारभारी हैदराबादला बसे, नंतर नागपूरला. १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झाले. १९५६ मध्ये तेच मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ झाले. शेतकऱ्याचे अपील फिरत राहिले, शेत जागेवर.

ही गोष्ट संपलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवर १४ गावे अशी आहेत की दोन्ही राज्ये त्यांच्यावर हक्क सांगतात. तिथे दोन्हीकडच्या शाळा आहेत, दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावे आहेत. बेळगाव-कारवारचा वाद महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने मिटला नाही आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. किनाऱ्याची लांबीसुद्धा स्थिर नाही. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. अलीकडच्या नव्या मोजणीत ते ११,०९८.८१ किलोमीटर झाले. समुद्र वाढला नाही. खाड्या, वळणे आणि बेटांचे काठ बारकाईने मोजले गेले.

म्हणून अभ्यासिकेतल्या मुलाला आठ जिल्ह्यांची नावे पाठ करायला लावणे गैर नाही. नोकरी त्यावर अवलंबून आहे आणि ती मिळालीच पाहिजे. पण त्या यादीला कारणांची जोड द्यायला हवी. अकोल्याचे नाव त्यात का नाही, हे मेळघाट नकाशावर दाखवून सांगता येते. अकोला आणि खंडवा १९०३ ते १९५६ एकाच कारभाराखाली का होते आणि नंतर का नाहीत, हे दोन तारखांत सांगता येते. ज्या मुलाला हे एकदा कळले तो यादी विसरत नाही, आणि विसरला तरी नकाशावरून पुन्हा मांडू शकतो.

सोय हाताशी आहे. महाराष्ट्रात इयत्ता तिसरीला परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे असते. अकोल्याच्या पुस्तकात अडगावच्या लढाईला एक पान आणि एक नकाशा देता येईल. शिक्षकाला वर्ग घेऊन जायला लांब जावे लागणार नाही : अडगावचे मैदान हिवरखेडहून अकोटच्या वाटेवर आहे, नरनाळा अकोट तालुक्यात आहे, अंजनगाव शेजारच्या जिल्ह्यात. सकाळी निघालेली सहल संध्याकाळी परत येईल. मैदानावर उभे राहून मुलांनी कागदावर वर्धा नदीची रेघ काढावी, तिच्या अलीकडे आपले गाव मांडावे, आणि १८०३ पासून १९६० पर्यंतच्या तारखा एकेक करून कडेला लिहाव्यात. घरी गेल्यावर आजीला विचारावे, तिच्या शाळेत राजधानी कोणती होती. ज्या आजीचा जन्म १९४५ च्या आसपासचा असेल, तिने पहिलीत नागपूर शिकलेले असेल, सहावीत मुंबई.